वाईच्या कृष्णाबाईच्या उत्सवाला घरच्यांना घेऊन एक दिवस जायचं असेल तर

दरवर्षी जानेवारी संपत आला की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, अगं तू वाईला जातेस ना कृष्णाबाईच्या उत्सवाला, आम्हालाही जायचंय पोरांना घेऊन, कसं करायचं सांग ना. मग मी फोनवर अर्धा तास बोलते, समोरचा हो हो म्हणतो, आणि तिथे पोचल्यावर मला परत फोन येतो की कुठल्या घाटावर यायचं गं, इथे तर काहीच नाहीये. म्हणून या वेळी सगळं एकदाच लिहून ठेवते.

माझी मावशी मधल्या आळीत राहायची, त्यामुळे लहानपणी उत्सवात आमचा मुक्काम तिच्याकडेच. आता मावशी नाही, ते घरही नाही, पण आम्ही पुण्याहून दरवर्षी एक दिवस जातो, मी, नवरा, सासूबाई आणि दोन पोरं, एक नऊ वर्षांचा आणि एक पाच वर्षांची. म्हणजे गुडघेदुखीवालं एक माणूस आणि एका जागी न बसणारी दोन माणसं, त्या हिशोबानेच सगळं सांगतेय.

आधी हा उत्सव काय आहे ते नीट समजून घ्या कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. ही जत्रा नाही. मोठे पाळणे, शंभर स्टॉल, मौत का कुआँ असलं काही शोधायला जाल तर पोरं कंटाळणार आणि तुम्हीही. हा आळीचा उत्सव आहे, म्हणजे घरातल्या कार्यासारखाच, फक्त घर आळीएवढं मोठं. वाईला कृष्णेवर सात घाट धरतात आणि प्रत्येक घाटाची आपली कृष्णाबाई आहे, उत्सव एकदम एका दिवशी सगळीकडे नसतो, एका आळीचा झाला की पुढच्या आळीचा, असं साधारण जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत चालू असतं. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी, ही नावं पाठ करून ठेवा, कारण तिथे गेल्यावर कुणाला विचारायचं तर "उत्सव कुठेय" असं विचारून उपयोग नाही, "आज कुठल्या आळीची कृष्णाबाई बसलीये" असं विचारायचं. बसलीये हाच शब्द वापरतात. नदीवर घाटापाशी मांडव घालतात आणि त्यात कृष्णाबाईची उत्सवमूर्ती बसवतात, साडी नेसवलेली, दागिने घातलेली, म्हणजे नदीच माहेरपणाला येऊन काही दिवस आपल्या अंगणात बसलीये असं ते सगळं असतं. मावशी तर तसंच बोलायची, "आज बाई आल्यात, उद्या त्यांच्याकडे जेवायला".

उत्सव कसा सुरू झाला त्याची गोष्ट पोरांना गाडीतच सांगा, म्हणजे तिथे पोचेपर्यंत त्यांना ओढ लागते. अफझलखान १६५९ मध्ये शिवाजी महाराजांवर चालून आला तेव्हा त्याचा तळ वाईलाच होता, वाई आधीपासून त्याच्याच सुभेदारीत होती. वाईतले लोक सांगतात की तेव्हा शेंडे नावाच्या शास्त्रीबुवांनी कृष्णामाईला नवस केला, राजांवरचं हे संकट टळू दे, तुझा उत्सव करीन. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली काय झालं ते पोरांना शाळेत शिकवलेलंच असतं, तो धडा आणि आपण जातोय तो घाट एकाच गोष्टीतले आहेत हे कळलं की माझा मुलगा गाडीत सरळ होऊन बसला होता, तोपर्यंत मोबाईल मागत होता.

आता तारीख. हे सगळ्यात महत्त्वाचं. उत्सव तिथीप्रमाणे असतो, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. आम्ही एकदा व्हॉट्सअॅपवर आलेल्या एका सुंदर पत्रिकेच्या भरवशावर गेलो, पोचलो तर घाट रिकामा, दोन म्हशी आणि कपडे धुणाऱ्या बायका. त्यातल्या एकीने पत्रिका बघून सांगितलं ताई ही गेल्या वर्षीची आहे. सासूबाईंनी खण-नारळ आणला होता, त्यांचा चेहरा इतका उतरला की मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी पत्रिका आली की वर साल आहे का ते आधी बघते, नसेल तर सरळ वाईतल्या कुणाला तरी फोन. तुमचं वाईत कुणी नसेल तर ओळखीत विचारा, वाईचा माणूस पुण्या-मुंबईत हमखास सापडतो, शेजारी, ऑफिस, मुलांच्या शाळेतली कुणी आई. आणि फक्त "उत्सव कधी" एवढं नाही विचारायचं, तीन गोष्टी विचारायच्या, कुठल्या आळीचा आहे, महाप्रसाद कुठल्या दिवशी आहे, आणि त्या दिवशी संध्याकाळी काय आहे, कीर्तन आहे की गाणं. कारण उत्सव चारपाच दिवस चालला तरी सगळ्यांची मोठी पंगत रोज नसते, ती ठरलेल्या दिवशी असते, आणि घरच्यांना घेऊन एकच दिवस जाणार असाल तर तोच दिवस गाठायचा.

अजून एक, त्याच सुमाराला त्या भागात बाकीच्याही यात्रा असतात. पौष पौर्णिमेला मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा असते तेव्हा वाईतून जाणारे रस्ते गच्च असतात, आणि रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनचं बगाड, म्हणजे नवसाच्या माणसाला उंच लाकडाला टांगून गाडा ओढत नेतात ती यात्रा, असतं तेव्हा तर वाईच्या आसपास गाडी घालायचीच नाही. बगाड बघायचं असेल तर त्यासाठी वेगळा दिवस काढून जा, ते दोन्ही एका दिवसात करू नका, म्हातारी माणसं आणि लहान पोरं असताना तर नकोच.

पुण्याहून वाई साधारण ९० किलोमीटर. सातारा हायवेला लागायचं, खेड शिवापूरचा टोल, मग शिरवळ, खंडाळा, खंबाटकी, आणि पुढे सुरूर फाट्याला उजवीकडे वळलं की थेट वाई. सातारा-कोल्हापूरकडून येणार असाल तर पाचवड फाट्याने आत यायचं. पुण्यातून सकाळी साडेसहाला निघायचं म्हणजे निघायचं, सात वाजले की हायवेला महाबळेश्वरवाल्यांची गर्दी सुरू होते, सुट्टीच्या दिवशी तर विचारूच नका. नाश्ता वाटेत करू नका असं माझं मत आहे, हायवेच्या हॉटेलात पाऊण तास जातो, घरून पोळीचे रोल नाहीतर धपाटी घेऊन निघा आणि गाडीतच खा, चहा तेवढा शिरवळला घ्या.

गाडी नसेल तरी काही अडत नाही, उलट एसटी बरी पडते. स्वारगेटहून वाईच्या गाड्या आहेत, महाबळेश्वरला जाणाऱ्या बऱ्याच गाड्याही वाईवरूनच जातात. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीला अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्यांना फुकट, ६५ ते ७५ ला अर्धं, आणि ५ ते १२ वर्षांच्या पोरांना अर्धं, म्हणजे आमच्यासारख्या घरात पूर्ण तिकीट फक्त नवऱ्याचं निघतं. ज्येष्ठांचं आधार कार्ड मात्र पर्समध्ये हवं. वाई स्टँडवर उतरलं की घाट चालत जाण्यासारखे आहेत, आजी-आजोबांना रिक्षा करा.

गाडीने आलात तर गाडी गावात शेवटपर्यंत नेऊ नका. वाईच्या आळ्या जुन्या आहेत, अरुंद, दोन्ही बाजूला घरं, समोरून एक टेम्पो आला की संपलं. गुगल मॅप तुम्हाला घाटाच्या तोंडापर्यंत नेईल आणि मग तिथे वळायला जागाच नसेल. अलीकडेच मोकळी जागा बघून लावा, उत्सवाच्या दिवसात कार्यकर्ते पोरं उभी असतात ती सांगतात कुठे लावायची, आणि ते सांगतील तिथेच लावा, कुणाच्या दारासमोर लावू नका, त्या घरातली माणसं दिवसभर उत्सवाच्या कामात असतात आणि त्यांना स्वयंपाकाचं सामान आणायला दार मोकळं लागतं.

पोचलात की पहिलं ढोल्या गणपती. नऊच्या आत गेलात तर निवांत दर्शन होतं, नंतर बसेस येतात. मूर्ती एका अखंड दगडातली आहे, जवळजवळ दहा फूट उंच, पोरं आ वासून बघतात. देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. पण आत दर्शन करून लगेच निघू नका, बाहेर येऊन देवळाच्या मागच्या बाजूला जा, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला. तिथे गाभाऱ्याची मागची भिंत सरळ नाहीये, माशासारखी निमुळती केलेली आहे. देऊळ अगदी नदीच्या काठावर, पावसाळ्यात पूर आला की पाणी थेट भिंतीवर येणार, तर ते पाणी त्या टोकाला फाटून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून हा आकार. मी मुलाला त्या टोकाला हात लावून उभं केलं आणि त्याच्या बहिणीला सांगितलं तू पाणी हो आणि पळत ये, ती आली आणि वळून बाजूने गेली, दोघांनाही एका मिनिटात समजलं. अडीचशेहून जास्त पावसाळे त्या भिंतीने असे फोडलेत. शेजारीच काशी विश्वेश्वराचं देऊळ आहे, तिथला नंदी दाखवा, दगड इतका गुळगुळीत आहे की पोरं हात फिरवतच राहतात.

मग साडेदहाच्या आसपास कृष्णाबाईकडे. ओटी भरायची असेल तर हीच वेळ, दुपारनंतर रांग लागते. ओटीचं सामान घरून न्या, खण किंवा ब्लाउजपीस, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, सुपारी, हळकुंड, फुलं किंवा वेणी, जमलं तर हिरव्या बांगड्या. साडी नेसवायची इच्छा असेल तर नुसती घेऊन जाऊ नका, आधी तिथल्या लोकांशी बोलून ठेवा, त्यांचं ठरलेलं असतं कुठल्या दिवशी कुणाकडची साडी. आणि तांदूळ एका छोट्या डब्यात न्या, पिशवीत नेले की सांडतात.

एक सांगायचंच आहे. मांडवात गेल्यावर ओटी भरून फोटो काढून लगेच बाहेर पडू नका, पाच-दहा मिनिटं बाजूला बसा. दोन वर्षांपूर्वी आम्ही बसलो होतो तर एक आजी, ऐंशीच्या तरी असतील, मूर्तीपाशी बसून साडीच्या निऱ्या नीट करत होत्या. एकेक निरी दोन बोटांत धरायची, वरपासून खालपर्यंत हात फिरवायचा, खालचा काठ दुसऱ्या निरीच्या काठाला बरोबर जुळतोय का बघायचा, नाही जुळला की परत सोडायची. मध्येच त्या पुटपुटल्या, "थांब गं बाई, हलू नकोस". मूर्तीला. आणि त्यात नाटक काहीच नव्हतं, लेकीला तयार करताना आई जसं बोलते तसंच. माझ्या सासूबाई उठल्या आणि काही न बोलता त्यांना पिना हातात द्यायला लागल्या, अर्धा तास दोघी तिथेच. ओळख नाही, पाळख नाही. परत येताना सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, आपल्याकडे असं काही का नाही गं नदीला". त्या खानदेशातल्या, तापीकाठच्या.

लोक नदीत ओटी सोडतात, ते करू नका. नारळ, खण, प्लास्टिकची पिशवी सगळं पुढच्या पायरीला अडकून कुजतं. तुम्हाला जे द्यायचं ते मांडवात द्या, तिथे ते कुणाच्या तरी उपयोगी पडतं, आणि नदीला हळदकुंकू वाहायचं तर बोटभर वाहा. निर्माल्यासाठी कलश ठेवलेला असतो तो शोधा. जिचा उत्सव करायला आलो तिच्याच अंगावर कचरा टाकायचा हे मला बघवत नाही.

पाण्याबद्दल आईवडिलांनी लक्ष देऊन वाचा. फेब्रुवारीत नदी शांत दिसते, पाणी कमी असतं, म्हणून पोरांना सोडून देऊ नका. घाटाच्या पाण्याजवळच्या शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांवर शेवाळ असतं, ओली पायरी कोरड्यासारखीच दिसते आणि पाय सरकतो. वर आठ-दहा किलोमीटरवर धोम धरण आहे, तिथून पाणी सोडलं की इथली पातळी बदलते. आमचा नियम साधा आहे, पायरी ओली दिसली की तिच्या वरची पायरी ही शेवटची, मोठ्यांसाठी पण. सासूबाईंना पाय धुवायचे असतात तर आम्ही तांब्याने पाणी वर आणतो, त्यांचं समाधान होतं. पाणी प्यायचं नाही, आचमन करायचं असलं तर घरून आणलेल्या पाण्याने करा, गावांचं सगळं सांडपाणी नद्यांना मिळतं हे काही लपलेलं नाही. पोरांच्या खिशात एका चिठ्ठीवर तुमचा फोन नंबर ठेवा, आणि भेटायची एक जागा ठरवून ठेवा, आम्ही ढोल्या गणपतीच्या देवळाची पायरी ठरवलीये, कुणालाही विचारलं तरी दाखवतं.

आता पंगत. माझ्या मते अख्ख्या दिवसातली ही सगळ्यात मोठी गोष्ट, आणि बरेच बाहेरचे लोक हीच सोडून हॉटेलात जेवायला जातात कारण त्यांना वाटतं आपल्याला कसं बोलावतील. बोलवायचं काही नसतं, महाप्रसाद सगळ्यांना असतो. बाराच्या आसपास जाऊन बसा. उशिरा गेलात तर मिळत नाही असं नाही, पण मग तीन तीन पंगती थांबावं लागतं आणि दगड तापलेले असतात, लहान पोरांचं हाल होतं. बसायला सतरंजीच्या पट्ट्या असतात, तरी गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी घरून घडीचं स्टूल न्या, वाढणारी मुलं स्वतःहून ताट स्टुलापाशी आणून देतात, आम्हाला कुणी कधी वाकडं बोललं नाही.

पत्रावळी असेल तर वाऱ्याने उडते, नदीवरचा वारा दुपारी बरा असतो, म्हणून भात यायच्या आधी पत्रावळीवर तांब्या किंवा पाण्याची बाटली ठेवा, माझ्या मुलीची पत्रावळ एकदा थेट पलीकडच्या काकांच्या मांडीवर गेली. वाढपी बादली घेऊन पळत येतात, भात, आमटी, भाजी, गोड, तुम्हाला नको असेल तर हात पत्रावळीवर आडवा धरायचा, तोंडाने नको म्हटलेलं त्या गडबडीत ऐकू येत नाही. पोरांना आधीच सांगून ठेवा की टाकायचं नाही, थोडं घ्यायचं आणि परत मागायचं. एका वर्षी आम्हाला गव्हाची खीर होती, गुळाची, खोबऱ्याचे तुकडे घातलेली, मोठ्या कढईत रात्रभर शिजवलेली, माझा मुलगा जो घरी खीर बघून नाक मुरडतो त्याने तीन वेळा घेतली. जेवण झालं की आपली पत्रावळ आपण उचला. आणि शक्य असेल तर एक पंगत वाढायला उभे राहा. विचारायचं फक्त, "दादा, मी काही वाढू का". मीठ किंवा पाणी हातात देतात नवख्याला. माझा नवरा पहिल्यांदा पाण्याचा जग घेऊन फिरला तेव्हा मला म्हणाला इतकी वर्षं मी इथे पाहुणा होतो, आज पहिल्यांदा आल्यासारखं वाटलं.

देणगी द्यायची तर तिथे टेबल असतं, पावती घ्या. जमेल तेवढी द्या, पण पाचजण जेवून काहीच न देता निघू नका, आळीतली माणसं वर्गणी काढून हे करतात.

जेवणानंतर दीड ते चार हा अवघड वेळ. ऊन असतं, म्हातारी माणसं पेंगतात, पोरं चिडचिड करतात. मांडवात सावलीला पडायला चालतं, कुणी उठवत नाही, आम्ही एक गोधडी नेतोच. स्वच्छतागृहाचा विचार आधीच करून ठेवा, घाटावर भरवसा ठेवू नका, गावात आल्या आल्या स्टँडवर नाहीतर चहा प्यायला थांबाल त्या हॉटेलात जाऊन या, बायकांची अडचण झालीच तर आळीतल्या एखाद्या घरी विचारा, उत्सवात दारं उघडीच असतात आणि नाही कुणी म्हणत नाही.

मोठी मुलं असतील आणि झोपणार नसतील तर त्यांना जरा गावात फिरवा. मराठी विश्वकोशाचं काम या गावातून चालत आलंय, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक, ते ज्या प्राज्ञपाठशाळेत शिकले आणि पुढे घडले ती पण इथलीच. एवढ्या छोट्या गावात बसून माणसांनी जगातल्या सगळ्या विषयांचा कोश मराठीत लिहायला घेतला हे मला फार मोठं वाटतं, पोरांना दाखवावं असं. आणि पसरणी घाटाकडे बोट दाखवून सांगा की त्या पायथ्याच्या पसरणी गावचे शाहीर साबळे.

चार वाजले की मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटर, रिक्षाही मिळते. नाना फडणवीसांचा वाडा आहे, सहा चौकांचा, तो खाजगी आहे त्यामुळे आत काय बघायला मिळेल ते तिथेच विचारा आणि भिंतीवरच्या चित्रांना हात लावू नका. पण खरं बघायचं ते वाड्यामागचा घाट. चंद्रकोरीसारख्या वळलेल्या पायऱ्या, वर वड-पिंपळ, मेणेश्वराचं देऊळ, आणि एका छोट्या दगडी घुमटीत टांगलेली भलीमोठी घंटा. ती घंटा वसईची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या त्यातली ही एक, तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीमातेचं चित्र आहे. मुलाला साल शोधायला लावा, सापडलं की त्याचा आनंद बघा. संध्याकाळचं ऊन त्या पायऱ्यांवर तिरकं येतं तेव्हा फोटो छान येतात, शूटिंगवाले उगीच येत नाहीत तिथे.

मेणवलीत जास्त रमू नका, सहाच्या आत परत घाटावर या. संध्याकाळची आरती चुकवायची नाही. दिवसभर जे घाट पांढरे रखरखीत दिसत होते ते दिवे लागल्यावर वेगळेच होतात, आळीतल्या बायका नऊवारी-सहावारी नेसून येतात, पोरीबाळी नटलेल्या, नोकरीसाठी बाहेर गेलेले लोक खास उत्सवाला आलेले असतात आणि एकमेकांना भेटून मोठ्याने बोलत असतात. आरती चालू झाली की लहान पोरांना पुढे बसवतात, टाळ हातात देतात. माझ्या मुलीला दिला होता, ताल काही जमला नाही, पण बाजूच्या काकांनी तिचा हात धरून दोन आरत्या वाजवून घेतल्या.

त्यानंतर कीर्तन असेल तर निदान पूर्वरंग, म्हणजे पहिला निरूपणाचा भाग, संपेपर्यंत बसा. पोरं बसणार नाहीत असं वाटतं पण कीर्तनकार चांगला असेल तर उत्तररंगातल्या, म्हणजे दुसऱ्या भागातल्या गोष्टीला ती आपोआप पुढे सरकतात. मागच्या बाजूला, बाहेर पडता येईल अशा जागी बसा म्हणजे मध्येच उठावं लागलं तर कुणाला त्रास नको. मोबाईल सायलेंटवर, आणि कीर्तनात फ्लॅश मारू नका.

पोरांना नदीबद्दल अजून एक सांगा, ते मी दरवर्षी आरतीच्या आधी पायरीवर बसून सांगते. ही कृष्णा वर महाबळेश्वरला उगम पावते, आणि घाट उतरून आली की तिच्या वाटेवरचं पहिलं मोठं गाव हे वाई. इथून ती कऱ्हाड, सांगली, मग कर्नाटक, तेलंगणा, आंध्र करत जवळजवळ १४०० किलोमीटर जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे आपण तिला अगदी लहान असताना भेटतोय. आणि दर बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत आला की गंगा कृष्णेला भेटायला येते असं मानतात, त्याला कन्यागत म्हणतात, मागचा २०१६ ला झाला. तेव्हा माझा मुलगा पोटात होता आणि मावशी हयात होती, तिने मला घाटावर उतरू दिलं नाही, वरूनच पाणी आणून शिंपडलं आणि म्हणाली पुढच्या कन्यागताला याला घेऊन ये. २०२८ ला तो बारा वर्षांचा असेल.

परत निघायची वेळ साडेआठ धरा. त्याआधी निघालात आणि रविवार असेल तर महाबळेश्वर-पाचगणीहून उतरणाऱ्या गाड्यांच्या रांगेत वाई ते सुरूर तासभर सुद्धा जातो, त्यापेक्षा तो तास कीर्तनात बसलेला बरा. स्ट्रॉबेरीचा सीझन असतो, घ्यायची तर निघताना घ्या, सकाळी घेतलेली डिकीत दिवसभर राहून संध्याकाळी नुसता रस होतो. पेटीतल्या वरच्या थराला भुलू नका, खालची एक उचलून बघा.

आणि स्वेटर. दुपारी इतकं ऊन असतं की सगळे स्वेटर डिकीत टाकून मोकळे होतात, आणि सात वाजले की नदीवरून असा गारठा येतो की पोरं कुडकुडायला लागतात, गाडी तर लांब लावलेली. म्हणून मेणवलीहून परत येतानाच स्वेटर, कानटोपी, आजींची शाल एका पिशवीत घालून ती पिशवी हातात ठेवा, आरतीला बसलात की मांडीवर.